पृष्ठाच्या पोटातील वर्ग
जावा भाषेतील सर्व्हर-पृष्ठे आणि अंतर्वर्ग

मागणीनुसार तयार होणारे पृष्ठ

छापील पुस्तक सर्व वाचकांना सारखेच असते. ते कोणीही उघडले तरी पंचविसाव्या पानावर जे छापले आहे तेच त्याला दिसते. महाजालावरील काही पृष्ठेही अशीच ठरीव असतात. परंतु पुष्कळशी पृष्ठे मागणी आल्यावर, त्या क्षणी आणि मागणाऱ्यापुरती तयार केली जातात. ग्रंथालयाच्या एखाद्या सभासदाने आपल्या नावावर असलेल्या पुस्तकांची यादी मागितली, तर ती आधीच लिहून कोठे ठेवलेली नसते. सर्व्हर, म्हणजे मागण्या पुरवणारा दूरचा संगणक, प्रथम सभासदाची ओळख पटवतो, नोंदींच्या साठ्यातून त्याची पुस्तके शोधतो, त्यांची यादी पृष्ठात बसवतो आणि ते पृष्ठ सभासदाच्या ब्राउझरकडे पाठवून देतो.

अशा पृष्ठात दोन प्रकारचा मजकूर एकत्र नांदत असतो. ग्रंथालयाचे नाव, रकान्यांची शीर्षके, खालच्या सूचना हा भाग सर्वांना सारखा असतो. पुस्तकांची नावे आणि परतीच्या तारखा हा भाग मात्र ज्याचा त्याला वेगळा असतो व तो दर वेळी नव्याने काढावा लागतो. पहिला भाग लिहिण्याचे काम आहे, दुसरा भाग हिशेबाचे. या दोहोंची सांगड कशी घालावी, हा प्रश्न महाजालाच्या आरंभापासून आज्ञावलीकारांपुढे होता.

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ साली जावा ही भाषा जगापुढे मांडली. जेम्स गॉसलिंग हे तिचे प्रमुख शिल्पकार होत. सर्व्हरवर पृष्ठे तयार करण्यासाठी याच भाषेत १९९७ साली 'सर्व्हलेट' नावाची योजना आली. तीत आज्ञावली मुख्य असे आणि पृष्ठाचा मजकूर तिच्या पोटात ओळीओळीने बसवावा लागे. मजकुरातील एक शब्द बदलायचा तरी आज्ञावलीला हात लावावा लागे. १९९९ साली ही मांडणी उलटी करण्यात आली. आता पृष्ठ मुख्य झाले आणि जावाच्या आज्ञा त्यात जागोजाग, विशिष्ट खुणांच्या आत लिहिण्याची सोय झाली. या योजनेचे नाव जावा सर्व्हर पेजेस, संक्षेपाने जेएसपी. पुढे सन कंपनी २०१० साली ओरॅकल कंपनीत विलीन झाली, नंतर या योजनेची देखरेख एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे गेली आणि आज ती जकार्ता सर्व्हर पेजेस या नावाने ओळखली जाते. तिची मूळ रचना मात्र कायम आहे.

अशा पृष्ठात आज्ञावलीकार अनेकदा सोयीसाठी एखादा छोटा वर्ग लिहितो. तो वर्ग पृष्ठात नेमका कोणत्या जागी लिहिला आहे, यावर त्याला काय दिसते आणि तो किती काळ टिकतो हे अवलंबून असते. इतकेच नव्हे, तर त्या जागेचे मर्म न ओळखता केलेला एखादा सोपा उपाय एका माणसाची खाजगी माहिती दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो. असे का व्हावे, याचा उलगडा पुढील विवेचनात केला आहे.

वर्ग, वस्तू आणि अंतर्वर्ग

जावा भाषेतील प्रत्येक आज्ञावली वर्गांची बनलेली असते. वर्ग म्हणजे 'क्लास'. त्याची कल्पना ग्रंथपालाच्या कोऱ्या नोंदपत्रावरून चांगली येते. नोंदपत्रावर ग्रंथाचे नाव, ग्रंथकाराचे नाव, परतीची तारीख असे रकाने छापलेले असतात. माहिती मात्र नसते. एखाद्या ग्रंथाची माहिती भरली की त्या नमुन्याचे एक प्रत्यक्ष पत्र तयार होते. कोरा नमुना म्हणजे वर्ग आणि भरलेले पत्र म्हणजे त्या वर्गाची 'वस्तू'. एका नमुन्यावरून हवी तितकी पत्रे भरता येतात, तद्वत एका वर्गापासून हव्या तितक्या वस्तू घडवता येतात. वर्गात रकान्यांखेरीज कृतीही सांगितलेल्या असतात. उदाहरणार्थ, परतीची तारीख उलटली आहे की नाही हे कसे ठरवावे. अशा कृतीला 'मेथड' म्हणतात.

जावाच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक वर्ग स्वतंत्रपणे उभा असे. १९९७ साली निघालेल्या १.१ या आवृत्तीपासून एका वर्गाच्या आत दुसरा वर्ग लिहिण्याची मुभा मिळाली. आतल्या वर्गाला अंतर्वर्ग आणि त्याला सामावून घेणाऱ्या वर्गाला बहिर्वर्ग म्हणता येईल.

आतल्या वर्गांचे चार प्रकार आहेत. बहिर्वर्गाच्या आत, पण कोणत्याही कृतीच्या बाहेर लिहिलेला वर्ग हा 'सदस्य वर्ग' होय. त्याची प्रत्येक वस्तू बहिर्वर्गाच्या एका वस्तूशी बांधलेली असते आणि त्या वस्तूचे रकाने, अगदी खाजगी रकानेसुद्धा, तिला वाचता येतात. अशाच वर्गाच्या आरंभी 'स्टॅटिक' हा शब्द घातला, तर हे बंधन तुटते आणि वर्ग केवळ राहण्यापुरता आत असतो. भाषेच्या अधिकृत परिभाषेत या दुसऱ्या प्रकाराला अंतर्वर्ग न म्हणता नुसता अंतर्भूत वर्ग म्हणतात. तिसरा प्रकार स्थानिक वर्गाचा. तो एखाद्या कृतीच्या आतच लिहिलेला असतो आणि त्या कृतीबाहेर त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. चौथा प्रकार अनामिक वर्गाचा. त्याला नावच नसते, जागच्या जागी लिहून त्याची एकच वस्तू घडवली जाते.

पृष्ठ म्हणजेच एक वर्ग

आता मुख्य गोष्टीकडे वळावयाचे. जेएसपी पृष्ठ दिसते साध्या मजकुरासारखे. पण सर्व्हर ते जसेच्या तसे कधीच चालवत नाही. पृष्ठाची पहिली मागणी येताच सर्व्हरवरील एक अनुवादक त्या पृष्ठाचे भाषांतर संपूर्ण जावा वर्गात करतो. नंतर तो वर्ग यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणला जातो आणि मगच मागणी पुरवली जाते. अपाची संस्थेचा टॉमकॅट हा सर्व्हर या कामी फार प्रचारात आहे व त्यातील अनुवादकाचे नाव जॅस्पर असे आहे. पृष्ठाचे नाव 'इंडेक्स' असेल, तर जॅस्पर त्यापासून 'इंडेक्स_जेएसपी' नावाचा वर्ग तयार करतो. पृष्ठ बदलले की भाषांतर पुन्हा होते. एरवी एकदा केलेलेच कामी येते.

या भाषांतरात पृष्ठाचा कोणता भाग कोठे जातो, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. तयार होणाऱ्या वर्गात 'सर्व्हिस' नावाची एक मुख्य कृती असते. प्रत्येक मागणीला हीच कृती एकदा चालते. पृष्ठातील साधा मजकूर 'हा मजकूर बाहेर पाठव' अशा आज्ञा बनून या कृतीत जातो. <% आणि %> या खुणांमधील जावा आज्ञा, ज्यांना स्क्रिप्टलेट म्हणतात, त्याही जशाच्या तशा याच कृतीत जातात. <%= या खुणेने सुरू होणाऱ्या पदाची किंमत काढून ती पृष्ठात लिहिण्याची आज्ञाही तेथेच जाते.

<%! ही खूण मात्र निराळी आहे. या उद्गारचिन्हयुक्त खुणेतील मजकुराला घोषणा म्हणतात आणि तो मुख्य कृतीच्या बाहेर, थेट वर्गाच्या अंगात ठेवला जातो. म्हणजे एका उद्गारचिन्हाच्या फरकाने मजकूर कृतीच्या आत पडतो किंवा बाहेर. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

यावरून एक निष्कर्ष ओघानेच निघतो. पृष्ठ स्वतःच एक वर्ग बनत असल्यामुळे पृष्ठात लिहिलेला कोणताही वर्ग हा आतला वर्गच ठरतो. लेखकाने अंतर्वर्ग लिहिण्याचे योजले असो वा नसो, त्याला दुसरी वाट नसते.

दोन जागा, दोन दृष्टी

ग्रंथालयाच्या पृष्ठात 'ग्रंथनोंद' नावाचा वर्ग लिहावयाचा आहे असे समजा. येथे जाता जाता हे सांगितले पाहिजे की, जावामध्ये वर्गांना देवनागरी नावे देता येतात. भाषेने आरंभापासून युनिकोड ही जागतिक लिपिसंहिता स्वीकारली असल्यामुळे 'ग्रंथनोंद' हे नाव तिला चालते. राखीव शब्द तेवढे रोमन लिपीत लिहावे लागतात.

हा वर्ग <%! या खुणेत लिहिला, तर तो सदस्य वर्ग होतो. पृष्ठात त्याचा उल्लेख वर किंवा खाली कोठेही करता येतो आणि घोषणेत लिहिलेल्या इतर कृतींनाही तो वापरता येतो. हाच वर्ग <% या साध्या खुणेत लिहिला, तर तो मुख्य कृतीच्या आत पडून स्थानिक वर्ग होतो. मग तो लिहिल्यानंतरच्या ओळींतच वापरता येतो. त्याच्या आधीच्या ओळींना तो अज्ञात असतो. अनुवादानंतर टॉमकॅटच्या कार्यकक्षात पाहिले, तर ही भिन्नता फाइलींच्या नावांतही दिसते. सदस्य वर्गाच्या फाइलीला पृष्ठवर्गाचे नाव, डॉलरचे चिन्ह आणि 'ग्रंथनोंद' असे नाव मिळते. स्थानिक वर्गाच्या नावात डॉलरच्या चिन्हानंतर १ हा आकडाही येतो.

याहून महत्त्वाचा भेद दृष्टीचा आहे. मुख्य कृती चालू असताना तिच्याजवळ काही तयार साधने असतात. आलेली मागणी 'रिक्वेस्ट' या नावाने, उत्तर 'रिस्पॉन्स' या नावाने, भेट देणाऱ्याची चालू बैठक 'सेशन' या नावाने आणि पृष्ठात मजकूर लिहिणारी लेखणी 'आउट' या नावाने उपलब्ध असते. पृष्ठात लिहिणाऱ्याला ही नावे आपोआप मिळतात, म्हणून ती सर्वत्र मिळतील असा त्याचा समज होतो. वस्तुतः ती मुख्य कृतीची स्थानिक चले आहेत. कृतीच्या बाहेर त्यांना अस्तित्व नाही.

म्हणून <%! या खुणेतील ग्रंथनोंद वर्गाने स्वतःची ओळ पृष्ठात लिहिण्यासाठी 'आउट'चा उल्लेख केला की, अनुवादक पृष्ठ तयार करण्याचे नाकारतो आणि असे नाव आढळत नाही, असे कळवतो. नवशिक्या माणसाला हे कोडे वाटते. दोन ओळी खाली जे नाव बिनदिक्कत चालते, ते वर का चालू नये? उत्तर एवढेच की, पृष्ठावर त्या दोन ओळी शेजारी दिसत असल्या तरी भाषांतरात त्या दोन भिन्न दालनांत गेलेल्या असतात.

स्थानिक वर्गाची स्थिती थोडी बरी आहे. तो मुख्य कृतीच्या आत असल्यामुळे तिची चले त्याला दिसतात. मात्र भाषेची एक अट आहे: ज्या चलाची किंमत एकदा ठरल्यावर पुन्हा बदलत नाही, तेच चल आतल्या वर्गाला वापरता येते. २०१४ साली निघालेल्या आठव्या आवृत्तीपूर्वी अशा चलाला 'फायनल' हा शब्द स्पष्टपणे लावावा लागे. त्यानंतर चल प्रत्यक्षात न बदलणारे असले म्हणजे पुरते. टॉमकॅटच्या भाषांतरात 'रिक्वेस्ट' आणि 'रिस्पॉन्स' ही चले फायनल असतात. परंतु 'आउट' आणि 'सेशन' यांना आधी रिकामी किंमत देऊन मागाहून खरी दिली जाते. त्यामुळे स्क्रिप्टलेटमधील स्थानिक वर्गालाही 'रिक्वेस्ट' वापरता येते, पण 'आउट' सरळ वापरता येत नाही. त्यासाठी आधी एक नवे स्थानिक चल घेऊन 'आउट' त्यात ठेवावे लागते व वर्गाने त्या नव्या चलाचा उपयोग करावा लागतो.

सर्वांची एकच पाटी

'आउट' सापडत नाही असे पाहिल्यावर आज्ञावलीकाराला एक उपाय चटकन सुचतो. घोषणेच्या खुणेत 'लेखणी' नावाचे एक चल लिहावयाचे, मुख्य कृतीच्या आरंभी 'आउट' त्यात ठेवायचे आणि ग्रंथनोंद वर्गाने ती लेखणी वापरायची. सदस्य वर्गाला बहिर्वर्गाचे रकाने दिसत असल्यामुळे अनुवादकाची तक्रार मिटते. पृष्ठ उघडते, यादी दिसते, काम झाले असे वाटते. हा उपाय किती घातक आहे, हे समजण्यासाठी सर्व्हरच्या कामाची रीत पाहिली पाहिजे.

पृष्ठापासून तयार झालेल्या वर्गाची सर्व्हर एकच वस्तू घडवतो. दहा सभासदांनी पृष्ठ मागितले म्हणून दहा वस्तू होत नाहीत. ती एकच वस्तू सर्वांच्या मागण्या पुरवते आणि तेही एकामागून एक नव्हे, तर एकाच वेळी. प्रत्येक मागणीसाठी कामाचा एक स्वतंत्र धागा, ज्याला थ्रेड म्हणतात, चालू असतो आणि हे सर्व धागे त्याच वस्तूची मुख्य कृती एकाच वेळी चालवत असतात.

ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर चार सहायक उभे आहेत अशी कल्पना करावी. प्रत्येकाच्या हाती स्वतःची वही आहे आणि भिंतीवर सर्वांमिळून एक पाटी आहे. वही म्हणजे मुख्य कृतीतील स्थानिक चल. प्रत्येक धाग्याला ते वेगळे मिळते. पाटी म्हणजे घोषणेत लिहिलेले चल; ते एकच असून सर्वांत सामायिक असते. आपल्या वाचकाचे नाव वहीत लिहिणारा सहायक कधी गोंधळणार नाही. ते पाटीवर लिहून ठेवणारा मात्र कपाटाकडे जाऊन परत येईपर्यंत पाटीवर दुसऱ्याच वाचकाचे नाव आलेले असेल.

वरील उपायात नेमके हेच घडते. पहिल्या सभासदाची मागणी आली. त्याची लेखणी सामायिक चलात ठेवली गेली आणि यादीच्या दोन ओळी लिहून झाल्या. इतक्यात दुसऱ्या सभासदाची मागणी आली आणि तिच्या धाग्याने त्याच चलात आपली लेखणी ठेवली. पहिला धागा तिसरी ओळ लिहावयास जातो तेव्हा त्याच्या हाती दुसऱ्याची लेखणी असते. पहिल्याच्या पुस्तकांची उरलेली यादी दुसऱ्याच्या पृष्ठात उमटते आणि पहिल्याचे पृष्ठ अर्धवट राहते.

ग्रंथालयातील वाचनाची यादीसुद्धा माणसाची खाजगी बाब आहे. तिच्या जागी रुग्णाचा तपासणी-अहवाल, बँकेतील शिल्लक किंवा विद्यार्थ्याचा निकाल ठेवून पाहिला, म्हणजे या दोषाचे गांभीर्य ध्यानात येईल. शिवाय हा दोष लपून राहणारा आहे. आज्ञावलीकार आपल्या मेजावर पृष्ठ तपासून पाहतो तेव्हा मागणी करणारा तो एकटाच असतो. पाटी एक असली तरी सहायकही एकच, म्हणून काही बिघडत नाही. पृष्ठ लोकांसाठी खुले होते, गर्दीच्या वेळी दोन मागण्या क्षणाच्या अंतराने येतात आणि तेव्हाच चूक प्रकट होते; तीही क्वचित, आणि पुन्हा करून दाखवता येईलच असे नाही.

पूर्वी यावर आणखी एक तोडगा होता. एका वेळी एकाच धाग्याला आत सोडावे, असे पृष्ठाच्या आरंभी सांगण्याची सोय होती. परंतु तीमुळे मागण्या खोळंबत आणि सेशनसारख्या सामायिक गोष्टींचे रक्षण होत नसे ते नसेच. जिच्यावर ती आधारली होती, ती सर्व्हलेटमधील एकधागी योजना २००३ साली त्याज्य ठरवली गेली आणि २०२२ सालच्या ६.० या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली.

निर्दोष मार्ग

खरा मार्ग साधा आहे. वर्गाला जे हवे ते त्याने इकडेतिकडे पाहून न घेता मागून घ्यावे. ग्रंथनोंद वर्गाच्या लिहिण्याच्या कृतीला लेखणी हा एक आदान-घटक द्यावा आणि मुख्य कृतीने ती बोलावताना 'आउट' तिच्या हाती द्यावे. किंवा वस्तू घडवतानाच लेखणी तिच्या स्वाधीन करावी. ही वस्तू मुख्य कृतीच्या स्थानिक चलात ठेवली, म्हणजे ती त्या मागणीपुरतीच असते. प्रत्येक मागणीला नवी वस्तू, प्रत्येक वस्तूजवळ आपापली लेखणी. मग कितीही सभासद एकदम आले तरी यादी ज्याची त्यालाच मिळते.

याहूनही चांगले हे की, ग्रंथनोंदीने स्वतः लिहूच नये. तिने ग्रंथाचे नाव सांगावे, तारीख सांगावी, मुदत उलटली की नाही हे सांगावे आणि लिहिण्याचे काम पृष्ठावर सोपवावे. असे केल्यास तिला 'आउट' लागतच नाही आणि मूळ अडचणच उरत नाही.

अशा वर्गाला 'स्टॅटिक' हा शब्द लावणे हिताचे असते. तो लावला की वर्गाच्या वस्तूंचा पृष्ठाच्या वस्तूशी असलेला दुवा तुटतो आणि पृष्ठाचे सामायिक चल चुकून वापरले, तर अनुवादक तेथल्या तेथे हटकतो. जी चूक गर्दीच्या वेळी उघडकीस आली असती, ती लिहिण्याच्या वेळीच पकडली जाते. एका शब्दाने मिळणारे हे मोठेच संरक्षण आहे. अर्थात सामायिक चलालाही 'स्टॅटिक' लावून ठेवले, तर हे संरक्षण उरत नाही.

वर्गाचे आयुष्य

जागेचा परिणाम जसा दृष्टीवर होतो तसा आयुष्यावरही होतो. पृष्ठ बदलले की त्याचे भाषांतर नव्याने होते, हे वर सांगितले आहेच. त्या वेळी पृष्ठाचा वर्ग आणि त्याच्या पोटातील सर्व वर्ग नव्याने स्मृतीत आणले जातात. हे काम क्लासलोडर नावाचा घटक करतो आणि टॉमकॅटमध्ये प्रत्येक जेएसपी पृष्ठाला स्वतःचा क्लासलोडर असतो. जावामध्ये वर्गाची ओळख केवळ नावावरून पटत नाही. नाव आणि त्याला आणणारा क्लासलोडर या दोहोंवरून पटते. म्हणजे कालची ग्रंथनोंद आणि आजची ग्रंथनोंद अक्षरशः सारख्या असल्या, तरी यंत्राच्या लेखी ते दोन निराळे वर्ग असतात.

आता एखाद्या सभासदाच्या सेशनमध्ये, म्हणजे अनेक मागण्यांपर्यंत टिकणाऱ्या बैठकीत, ग्रंथनोंदीची एक वस्तू ठेवली आहे असे समजा. मधल्या काळात कोणी पृष्ठातील एक शब्द सुधारला. सभासदाने पुन्हा पृष्ठ मागितले, सेशनमधून जुनी वस्तू बाहेर निघाली आणि नव्या पृष्ठाने तिला ग्रंथनोंद म्हणून हाती घेण्याचा प्रयत्न केला. परिणामी वर्ग-रूपांतराची चूक उद्भवते. संदेशाचा अर्थ साधारणपणे असा असतो की, ग्रंथनोंदीला ग्रंथनोंद मानता येत नाही. कारण ठाऊक नसलेल्याला हा संदेश वेडगळ वाटतो. कारण ठाऊक असलेल्याला तो अगदी यथार्थ वाटतो.

हीच गोष्ट दोन पृष्ठांची. एका पृष्ठातील ग्रंथनोंद दुसऱ्या पृष्ठाला उपयोगी पडत नाही. दोन्ही पृष्ठांत एकच सामायिक मजकूर भाषांतरापूर्वी चिकटवण्याची सोय जेएसपीत आहे; पण तिने वर्ग एक होत नाही, त्याच्या दोन स्वतंत्र प्रती होतात. यास्तव एक नियम निरपवादपणे पाळावा: पृष्ठाच्या पोटातील वर्गाची वस्तू त्या मागणीपलीकडे जगू देऊ नये. तिला सेशनमध्ये ठेवू नये, दुसऱ्या पृष्ठाकडे पाठवू नये.

पृष्ठात वर्ग केव्हा लिहावा

इतक्या अटी असताना पृष्ठात वर्ग लिहावाच कशाला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्याचे उपयोगही आहेत. चार-पाच रकाने एकत्र बांधून एका पृष्ठापुरते वापरायचे असतील, तर छोटा अंतर्भूत वर्ग लेखन सुबक करतो. यादी परतीच्या तारखेनुसार लावायची असेल, तर दोन नोंदींची तुलना कशी करावी हे अनामिक वर्गाने जागच्या जागी सांगता येते. आठव्या आवृत्तीपासून हेच काम लॅम्डा नावाच्या अधिक आटोपशीर रचनेने होते. २०२१ साली निघालेल्या सोळाव्या आवृत्तीने 'रेकॉर्ड' नावाचा वर्गप्रकार पक्का केला. केवळ माहिती बाळगण्यासाठी तो फार सोयीचा आहे आणि कृतीच्या आतही लिहिता येतो. तो आपोआप स्टॅटिक असल्यामुळे कृतीची स्थानिक चले त्याला दिसत नाहीत. मोठ्या पृष्ठांना आणखी एक लाभ होतो. जावामध्ये कोणत्याही एका कृतीचे यंत्ररूप ६५,५३५ बाइटांहून मोठे असू शकत नाही. पृष्ठाचा सर्व मजकूर एकाच मुख्य कृतीत जात असल्यामुळे लांबलचक पृष्ठ ही मर्यादा ओलांडते आणि त्याचा अनुवाद अडतो. काही काम वर्गांत व वेगळ्या कृतींत हलवले की मुख्य कृती हलकी होते.

मात्र एखादा वर्ग दोन पृष्ठांना लागू लागला, सेशनमध्ये ठेवावासा वाटला, किंवा त्याची स्वतंत्र तपासणी करावीशी वाटली, की त्याला पृष्ठातून बाहेर काढून स्वतंत्र जावा फाइलीत घर द्यावे. अनुभवाचा कलही त्याच दिशेने आहे. २००२ साली जेएसपीसाठी प्रमाण खुणांचा संच आला आणि २००३ सालच्या २.० या आवृत्तीत सोपी पदभाषा आली. या दोहोंमुळे पृष्ठात जावा आज्ञा लिहिण्याची गरज पुष्कळ कमी झाली. हिशेब सर्व्हलेटने किंवा स्वतंत्र वर्गाने करावा आणि पृष्ठाने फक्त दाखवावे, ही वाटणी आज श्रेयस्कर मानली जाते. परंतु जुनी पृष्ठे चालू आहेत, ती सांभाळणारी माणसे आहेत आणि नव्याने शिकणारा विद्यार्थीही आपली पहिली आज्ञा बहुधा पृष्ठातच लिहून पाहतो. त्या सर्वांना पृष्ठाचे खरे रूप ठाऊक असणे अगत्याचे आहे.

जेएसपी पृष्ठात वर्ग लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. भाषांतरात हा वर्ग मुख्य कृतीच्या आत पडेल की बाहेर? त्याला लागणारी साधने त्याच्या हाती दिली आहेत की तो ती सामायिक जागेतून उचलतो? त्याची वस्तू या मागणीबरोबर संपते की मागे उरते? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतात, त्याच्या पृष्ठावर एका वाचकाची यादी दुसऱ्याच्या हाती सहसा पडणार नाही.